सुनेसाठी गाडी

सुनेला वरच्या खोऱ्यात नोकरी लागली हे मिस्त्रींना कळलं तेव्हा ते न्हाणीघरातला गळका नळ खोलून बसले होते. ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, झालं माझं काम. जनावरांच्या दवाखान्यात जागा मिळाली. राहायला घरपण आहे." मिस्त्री "छान झालं" म्हणाले आणि नळ जोडून उठले. संध्याकाळी बायकोने बादली लावली तेव्हा कळलं, वायसर उलटा बसलाय. उभं आयुष्य बसडेपोत इंजिनांखाली काढलेल्या माणसाने वायसर उलटा बसवला होता.  बायकोने बादली जरा जोरातच आपटली.

घरात माणसं चार. मिस्त्री, त्यांची बायको, सून आणि नात. नातीला सगळे चिमणी म्हणत. मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा विजेच्या तारांच्या कामावर होता. एका सकाळी तो खांबावर असताना बंद ठेवलेली लाइन कुणीतरी सुरू केली. कुणी, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. चिमणी तेव्हा नुकती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. सून आता माहेरी जाणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, पण ती गेली नाही. ती जनावरांची डॉक्टर. दिवसभर शहरातल्या दवाखान्यात काम करायची आणि घरी आली की मिस्त्रींसमोर खुर्ची ओढून गमती सांगायची. कुणाच्या कुत्र्याने बाईंचा हातमोजा गिळला, कुणाच्या पोपटाने डॉक्टरांनाच शिव्या हासडल्या. मिस्त्री हसायचे. मुलाच्या मागे ते जगले ते या रोजच्या तासाभराच्या आधारावर. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

पण लाडावलेल्या कुत्र्यांची नखं कापून तिचा जीव विटला होता. तिला गाई-म्हशींचं, मेंढ्यांचं काम करायचं होतं, आणि वरच्या खोऱ्यात ते वाट्टेल तेवढं होतं. अट एकच. गाडी स्वतःची हवी, आणि तीही चारही चाकांना जोर असलेली, फोर-व्हील. तिथे डांबराचा रस्ता नावाला, बाकी सगळ्या चिखलाच्या आणि खडीच्या चढणी. अडलेल्या गाईकडे पोचायचं तर साधी गाडी पहिल्याच वळणावर हात टेकणार.

"नवी घ्यायची तर माझ्या बापजन्मी जमणार नाही," सून म्हणाली. "नुकसानभरपाईला हात लावायचा नाही, ते चिमणीचं आहे. माझ्या शिल्लकीत बसेल अशी जुनी शोधू या. तुम्ही असताना मला काळजी नाही."

यात खुशामत नव्हती. जुनी गाडी घेताना मिस्त्रींना घेऊन जायचं अशी त्या भागात रीतच पडली होती. मिस्त्रींनी मान हलवली की लोक डोळे मिटून व्यवहार करत, आणि त्यांनी हात झटकले की विकणारासुद्धा वाद घालत नसे. या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होतं.

पहिली गाडी बघितली ती एका दलालाच्या आवारात. लांबून बघावं तर नवरीसारखी नटलेली. दलाल बोलायला गोड. तो सुनेला ताई ताई करत सीटचं कव्हर दाखवत होता, तोवर मिस्त्रींनी दाराच्या खालच्या कडेवर अंगठा दाबला. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली काहीच नाही. अंगठा सरळ आत गेला.

"अहो, हे काय करता?" दलाल ओरडला.

"मी कुठे काय केलं? दार होतं म्हणून हात लावला," मिस्त्री म्हणाले. "आता नाहीये."

सून वळून रस्ता ओलांडेपर्यंत हसू दाबून होती. मग दोघंही फुटले. घरी येईपर्यंत बरोबर आलेली चिमणी "दार होतं, आता नाहीये" असं घोकत होती.

दुसरी गाडी एका विटावाल्याची. इंजिन बरं होतं, पण फोर-व्हीलचा दांडा ओढला तरी पुढची चाकं ढिम्म. पुढच्या चाकांना जोर नेणारा शाफ्टच खालून काढून टाकलेला होता. "दांडा कशाला ठेवलाय मग?" सुनेने विचारलं. "हात ठेवायला बरा पडतो," विटावाला निर्लज्जपणे म्हणाला. त्याही दिवशी ते हात हलवत परत आले, आणि मिस्त्री घरात शिरताना शीळ घालत होते.

बायको भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली. "गाडी मिळाली वाटतं?"

"छे! भंगार होती."

"मग इतका आनंद कसला झालाय?"

मिस्त्रींची शीळ थांबली. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्याच लक्षात आलं की खरंच, आपल्याला आनंद झालाय.

"तिचं वय काय आहे?" बायको हलक्या आवाजात म्हणाली. "तिने इथे बसून आपल्या गोळ्या मोजायच्या का? मलाही पोर जाणार म्हणून रडू येतं. मी स्वयंपाकघरात रडून घेते. तुम्ही कुठे रडता ते मला कळत नाही, त्याचीच भीती वाटते."

"मी कशाला रडू?" मिस्त्री म्हणाले आणि हात धुवायला गेले.

तिसरी गाडी एका निवृत्त मोजणीदाराची होती. सरकारी जमिनी मोजत तो आयुष्यभर डोंगर-दऱ्या हिंडला होता. आता डोळ्यांनी दगा दिला होता. कडेचं दिसायचं, पण समोरचं नेमकं पुसल्यासारखं. त्यामुळे बोलताना तो माणसाच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत असे. घराला लागून पत्र्याची शेड होती, आणि आत जुन्या ब्लँकेटखाली गाडी. त्याने चाचपत ब्लँकेट काढलं, घडी केली, काखेत धरली.

"रंग गेलाय थोडा," तो म्हणाला. "बाकी तुम्हीच बघा. मिस्त्री, तुमचं नाव ऐकून आहे मी. मला आता दिसत नाही, आणि माझा जुना मेकॅनिक गाव सोडून मुलाकडे गेला. तेव्हा जे असेल ते तोंडावर सांगा. खोड काढली म्हणून मला राग येणार नाही."

त्यांनी गाडी नदीकाठी नेली. आधी मिस्त्रींनी चालवली, मग सुनेच्या हाती दिली. गोट्यांच्या उतारावरून ती खाली उतरली, ओल्या वाळूत चाकं क्षणभर फिरली, सुनेने दांडा ओढला आणि गाडी गुरगुरत, जराही न घसरता काठ चढून वर आली. सून आरशात बघून हसली. नवरा गेल्यापासून तिचं इतकं मोकळं हसू मिस्त्रींनी बघितलं नव्हतं. मागून चिमणी ओरडली, "आजोबा, हीच घ्यायची! हीच!"

शेडपाशी परतल्यावर कळलं, किंमतही बेताची होती. "जनावरांच्या औषधपाण्याला जातेय म्हटल्यावर मी जास्त कसं मागू?" मोजणीदार म्हणाला. "दलालाने यापेक्षा जास्त देऊ केले होते. पण तो तिचं काय करेल कोण जाणे."

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "खालून बघतो."

त्यांनी गोणपाट अंथरलं आणि उताणे गाडीखाली शिरले. छोट्या हातोडीने चासीवर, म्हणजे सगळी गाडी ज्यावर उभी असते त्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर, टकटक करत पुढून मागे गेले. जिथे मारावी तिथे घंटेसारखा आवाज. गंजाचा ठिपका नाही. स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस, सांध्यांना ग्रीस, दरवर्षी खालून तेलाचा हात फिरवलेला. एवढी निगा डेपोत त्यांनी स्वतःच्या हाताखालच्या बसचीही राखली नव्हती. बघायचं काही उरलं नव्हतं, तरी ते पडून राहिले. तिथून त्यांना फक्त पाय दिसत होते. मोजणीदाराचे पॉलिश केलेले बूट, सुनेच्या चपला, आणि एका पायावर उड्या मारणारी चिमणी.

"मागची सीट काढली की वासरूसुद्धा मावेल," सून सांगत होती. "आणि शाळा घरापासून जवळच आहे तिथे. सकाळी हिला सोडून मी तशीच पुढे जाईन. मला तर वाटतं पुढच्या आठवड्यातच निघावं."

पुढच्या आठवड्यात. मिस्त्रींच्या हातातली हातोडी थांबली. समोरची खुर्ची त्यांच्या डोळ्यांपुढे आली, रिकामी, आणि तिच्या पलीकडे भिंत. ते बाहेर आले, कपडे झटकले, आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?" सुनेने विचारलं.

"चासी सडलीय. मागच्या बाजूला आतून पोखरलीय, वरून दिसत नाही. कुणीतरी वेल्डिंग मारून झाकलंय. भरल्या गाडीनिशी चढावर मधोमध मोडेल."

तोंडातून शब्द असे सुटले की जणू कुणी दुसराच बोलतोय. सुनेचा चेहरा उतरला. पण तिने क्षणभरही शंका घेतली नाही. "दुरुस्ती नाही होणार?" एवढंच तिने विचारलं.

"टिकणार नाही."

मोजणीदार हात लांबवून गाडीच्या बॉनेटवर टेकला. "वेल्डिंग?" तो म्हणाला. "मी तर कधी… कुणी केलं असेल? एकदा गॅरेजात महिनाभर होती, मी आजारी होतो तेव्हा. तेव्हाच असेल." त्याने बॉनेटवरून हात फिरवला. "माझी बायको शेवटपर्यंत याच गाडीतून फिरली हो. नातवंडांना घेऊन घाट चढलो मी. काय झालं असतं!"

"झालं नाही ना काही," मिस्त्री कसेबसे म्हणाले.

"तुम्ही आलात म्हणून कळलं. उपकार झाले तुमचे."

 परतताना बसमध्ये सुनेने सासऱ्याच्या दंडाला हात लावला. "जाऊ दे बाबा. तुम्ही होता म्हणून वाचलो. हिला घेऊन मी त्याच गाडीतून जाणार होते." मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिले.

नंतरचे दिवस त्यांना घर खायला उठलं. सून रोज फोन करून गाड्यांची चौकशी करायची, कामावर रुजू व्हायची तारीख जवळ येत होती. ती चिडली असती, त्रागा केला असता, तर बरं वाटलं असतं. ती उलट त्यांना म्हणायची, "तुम्ही का एवढं मनाला लावून घेता?" मिस्त्रींचं जेवण तुटलं. कुणीतरी गाडी दाखवायला बोलवायला आलं तर पोटात दुखतंय म्हणून सांगितलं.

एका दुपारी बायकोने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि बसली. "ती गाडी खरंच सडली होती?"

मिस्त्रींनी तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तेच उत्तर झालं.

"अहो," ती म्हणाली, आणि कपाळाला हात लावला. "आपल्या पोराला कुणाच्या तरी चुकीने नेलं. ती चूक कबूल करायला कुणी पुढे आलं नाही म्हणून तुम्ही किती तडफडलात. आणि आता तुम्ही?"

"मी उद्या जातो त्याच्याकडे. सांगतो, पुन्हा बघितली, ठीक आहे म्हणून."

"उद्या कशाला? आत्ता जा."

ते गेले. शेडचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. जमिनीवर तेलाचा काळा डाग, आणि खुंटीवर घडी केलेलं ब्लँकेट. मोजणीदार आवाजावरून ओळखून बाहेर आला.

"या, या मिस्त्री! गाडी बघताय होय? दिली भंगारात."

मिस्त्रींनी दाराची चौकट धरली. "भंगारात?"

"मग काय करणार? दलाल पुन्हा आला होता, आहे तशी द्या म्हणाला. तो वर रंग मारून कुणाच्याही गळ्यात मारणार. एखादं घरदार दरीत गेलं असतं तर माझ्या डोक्यावर पाप. दुसऱ्या कुणाला दाखवावी असं मुलगा म्हणत होता. मी म्हटलं, मिस्त्रींच्या शब्दावर आणखी कुणाला विचारायचं म्हणजे त्यांचा अपमान." तो हसला, मिस्त्रींच्या खांद्याच्या पलीकडे बघत. "चहा घेणार ना?"

मिस्त्रींनी काहीतरी कारण सांगितलं आणि तिथून निघाले ते जवळजवळ पळतच. भंगारवाल्याचं आवार गावाबाहेर होतं. तिथे त्यांना ती सापडली, पण गाडी म्हणावी अशी उरली नव्हती. टप वेगळा पडला होता, दारं भिंतीला टेकून ठेवली होती. इंजिन कुणी तरी आधीच उचलून नेलं होतं. चासीचे गॅसने कापलेले तुकडे ढिगावर होते. भंगारवाला हातातला पाईप खाली ठेवून म्हणाला, "मिस्त्री, कोण म्हणालं हो ही सडली म्हणून? कापताना गॅसची टाकी रिकामी झाली माझी. असलं लोखंड आता येत नाही." मिस्त्रींनी एक तुकडा उचलून बघितला. कापलेली कड चांदीसारखी लखलखीत होती. त्यांनी तो परत ढिगावर ठेवला आणि तिथल्याच एका टायरवर बसले. मुलाच्या मागे पहिल्यांदाच ते रडले, परक्याच्या आवारात, तेलकट हातांनी तोंड झाकून. भंगारवाला चांगला माणूस होता. तो पाठ करून दुसरीकडे कामाला लागला.

त्याच संध्याकाळी सून घरी आली ती गाडी घेऊनच. एका कोंबडीवाल्याची होती. फोर-व्हील चालत होतं, पण बाकी आनंद. क्लच संपत आलेला, ब्रेक उशिरा लागणारे, आणि आत असा वास की चिमणीने नाक धरून "मी टपावर बसून येईन" असं जाहीर केलं.

"तुम्हाला विचारायला हवं होतं," सून ओशाळून म्हणाली, "पण तो आणखी थांबायला तयार नव्हता, आणि माझ्या हातात फार दिवस नाहीत. किती वाईट आहे, सांगा."

मिस्त्रींनी तासभर बघितली. "चालेल," ते म्हणाले. "काम पुष्कळ आहे. पण चासी धड आहे."



मग ते अंगणातच त्या गाडीच्या मागे लागले. सकाळी चहा घेऊन आत शिरायचे ते दिवेलागणीला बाहेर. क्लच बदलला, ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या, डेपोतल्या जुन्या ओळखीने पाटे मिळवले. बायको आणि चिमणीने साबणाच्या पाण्याने आतून घासून काढली तरी पिसं निघतच राहिली. सून वेळ मिळेल तशी शेजारी बसून पाने हातात द्यायची. अशाच एका दुपारी, गाडीखाली पडल्या पडल्या, तिचा चेहरा दिसत नव्हता तेव्हा मिस्त्री म्हणाले, "पोरी, मोजणीदाराची गाडी सडलेली नव्हती."

त्यांच्याकडे पुढे केलेला पाना तसाच राहिला.

"मी खोटं बोललो. तुम्ही दोघी जाऊ नये म्हणून. नंतर सांगायला गेलो तर त्याने ती भंगारात दिलेली. माझ्या शब्दावर."

 मग सुनेने हातातला पाना सावकाश खाली ठेवला. मिस्त्री सरपटत बाहेर आले. ती जमिनीकडे बघत होती.

"मला राहा म्हणायचं होतंत," ती म्हणाली. "सरळ तोंडाने. मी भांडले असते, रडले असते. आणि गेलेही असते, बाबा, ते खोटं नाही सांगत. पण तुम्ही म्हणाला असतात तर मला ते सोबत नेता आलं असतं. हे मी काय घेऊन जाऊ?"

"चुकलं माझं."

"त्या आजोबांना सांगितलंत?"

मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. "त्यांना सांगून काय होणार? धडधाकट गाडी आपल्या हाताने कापायला दिली, हे कळून आणखी जीव तुटेल त्यांचा."

"आणि आपण बायकोला मरेपर्यंत सडक्या गाडीतून फिरवलं, हे घेऊन त्यांनी बसायचं?" सून उठली. "ते मला म्हणाले होते, बाबा, निघताना. तुम्ही पुढे गेला होतात. म्हणाले, तिला गाडीत नेहमी भीती वाटायची, मी हसायचो. आता वाटतं तिला कळलं असेल."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी गेले.  मोजणीदार व्हरांड्यात बसला होता. त्याने खुर्ची पुढे सरकवली, पण मिस्त्री उभेच राहिले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मुलाचं, सुनेचं, गाडीखाली पडून ऐकलेलं बोलणं, सगळं. एकही सबब जोडली नाही. मोजणीदार ऐकत होता. मधे एकदा त्याचे हात गुडघ्यांवरून घसरले, ते त्याने परत ठेवले.

"म्हणजे चासी धड होती?"

"खणखणीत."

"वेल्डिंग नव्हतं?"

"काही नव्हतं. मी अशी राखलेली गाडी बघितली नाही."

"मी दर वर्षी स्वतः खाली शिरून तेल लावायचो," तो म्हणाला. "ती वरून ओरडायची, कपडे खराब होतील म्हणून." त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, आणि त्याच क्षणी काहीतरी कायमचं घट्ट झालं. मिस्त्री त्याच्या शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत," तो शेवटी म्हणाला. "आता जा तुम्ही. पुन्हा येऊ नका."

निघायच्या दिवशी सकाळी सगळं सामान मागे भरून झालं. बायकोने डबे दिले, चिमणीचे गाल घासून पुसले, पुन्हा पुसले. मिस्त्रींनी एकवार गाडीभोवती फेरी मारली आणि वाकून पुढच्या चाकाचे नट बघितले. प्रत्येक नटावर पिवळ्या खडूची खूण होती. त्यांनी तशी खूण कधी केली नव्हती. त्यांच्या हाताची ती पद्धतच नव्हती.

सुनेने ते बघितलं. ती लाल झाली, पण तिने नजर चुकवली नाही. "काल संध्याकाळी चौकातल्या गॅरेजात दाखवून आणली," ती म्हणाली. "चिमणी बरोबर आहे म्हणून."

"बरोबर केलंस." मिस्त्री उभे राहिले. "काय म्हणाला तो?"

"काम चांगलं झालंय म्हणाला."

"मग ठीक आहे."

ती पाया पडली. मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि इतके दिवस अडकलेलं वाक्य एकदाचं बाहेर आलं. "जाऊ नकोस असं वाटतं, पोरी."

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्थिर होता. तिने चिमणीला उचलून सीटवर बसवलं, पट्टा लावला, आणि गाडी सुरू केली. क्लच मऊ सुटला. कोपऱ्यावर वळेपर्यंत चिमणीचा हात खिडकीबाहेर हलत होता. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मिस्त्री अंगणात राहिले. जिथे गाडी उभी असायची तिथे वाऱ्याने पिसं गोळा झाली होती. त्यांनी झाडू आणला आणि अंगण झाडून घेतलं.

दोन दिवसांनी फोन आला. सून सासूशीच बोलली. घर कसं आहे, थंडी किती आहे, पहिल्याच दिवशी कुणाची मेंढी घेऊन कोण आलं. मिस्त्री शेजारी उभे होते. शेवटी बायकोने फोन त्यांच्या हातात दिला.

"ब्रेक कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"चांगले आहेत, बाबा."  पूर्वी रोज तासभर ज्याला विषय शोधावा लागत नव्हता ते बोलणं आता वाक्यावाक्यावर अडखळत होतं. "चिमणीला देऊ का?" सून म्हणाली.

"दे."

फोनमध्ये धडपड झाली, श्वास ऐकू आला. "आजोबा! इथे सगळीकडे उतारच आहे. गाडी थांबवली की आई आतच बसते आणि मी उतरून चाकामागे दगड लावते. ते माझं काम आहे."



"मोठा लाव हं," ते म्हणाले. "छोटा सटकतो."